माझ्या वाटणीचा नवस

दुखण्यापेक्षा दमणंच जास्त असतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. छातीतली गाठ काढली, मग केमो सुरू झाला. दर खेपेला बांद्यावरून पुढे गोव्याच्या इस्पितळात जायचं, सुई लावून खुर्चीत पडून राहायचं आणि परत यायचं. परत आले की घराचा उंबरठासुद्धा डोंगराएवढा वाटायचा.

गाठ कसली ते कळलं त्याच दिवशी आमच्या ह्यांनी ग्रामदेवतेला नवस बोलला: ही बरी होईपर्यंत हिच्या तोंडी मासळी लागणार नाही. ही म्हणजे मी. आणि हे जन्मभर होडीवर गेलेला माणूस. आमच्या घरात सोडण्यासारखं मासळीपेक्षा मोठं दुसरं आहे काय? पण नवस ह्यांचा आणि पथ्य माझं. मी तेव्हा हसले होते. शेजारणींना मात्र पटलं, दुखणाइताला पथ्य हवंच म्हणाल्या. मग काय, पेज आणि कुळथाची पिठी.

बाकी माझं सगळं होत होतं. सून संध्याकाळी पायांना खोबरेल चोळायची. इस्पितळातल्या बाईंनी शिकवलेला सावकाश श्वास मी घ्यायचे, माडांच्या सावलीतून विहिरीपर्यंत चालून यायचे. त्याने झोप तरी लागायची. वैभववाडीच्या नातलगांनी मुळ्यांचा काढा आणून दिला होता, तो डॉक्टरांना दाखवला. यात काय आहे ते कळत नाही, केमो चालू असताना नको, म्हणाले. तेल, चालणं, श्वास खुशाल चालू ठेवा. बाटली फळीवर राहिली. पण अंग झडतच गेलं. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या.

एका खेपेला डॉक्टरांनी सुई लावलीच नाही. वजन असंच उतरलं तर औषध थांबवावं लागेल, म्हणाले, आणि आहार सांगणाऱ्या मुलीकडे पाठवलं. तुम्ही किनाऱ्यावरच्या, मासे तर खात असाल, असं तिने विचारलं. मी नवसाचं सांगितलं. ती हसली नाही, त्याचं मला बरं वाटलं. ह्यांच्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, देवाशी तुम्हीच बोललात, आता पुन्हा तुम्हीच बोला. अंगात भर नसेल तर यांना औषध झेपायचं कसं?"

खरं सांगू, सुई चुकली म्हणून परतीच्या वाटेवर मला सुटल्यासारखं झालं होतं. आता थांबवलं तरी चालेल, इतकी मी दमले होते.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला देवळात नेलं. मी खांबाला टेकून बसले. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, हिच्या वाटणीचो नवस आता ह्यो घेता. ती मासळी खायत, ह्यो सोडतलो. तो मानून घे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," हे म्हणाले. एरवी गाऱ्हाण्याला सगळा गाव होकार भरतो. त्या सकाळी ह्यांचा एकट्याचाच आवाज.

पायऱ्या उतरताना मी विचारलं, "तुमका जमतला?"

"न जमून जातलंय खंय?"

दुपारी सुनेने मुडदुशाचं सार केलं. मऊ, पोटाला हलकी मासळी. आमच्याकडे बाळंतिणीला देतात ती. ह्यांनी माझ्या ताटातला एकेक काटा काढून दिला, मग उठून हात स्वच्छ धुतले आणि पेज व लोणच्याची फोड घेऊन समोर बसले.

"कसा झाला गो?"

केमोने तोंडाची चव गेलेली. लोखंड चाटावं तसं लागत होतं.

"बरा झाला," मी म्हटलं आणि वाटी पुढे केली. सुनेने आणखी ओतलं.

पुढच्या खेपेला सुई लागली. अजून खेपा आहेत. दमणं काही सरत नाही. दुपारी हे पेज ओरपत तेच विचारतात, आणि मी वाटी पुढे करते.