कन्नडाचं पथ्य

ज्वारीच्या पिठानं पांढरे झालेले दोन इवलेसे तळहात… इंदूचं लहानपण आठवू लागले की सगळ्यात आधी मला तेच दिसतात. भिंतीपलीकडच्या गंगक्का सकाळी चुलीपुढं बसून रोट्ट्या थापायच्या, आणि त्यांच्या गुडघ्याला टेकून बसलेली माझी धाकटी बहीण परातीबाहेर सांडलेल्या पिठावर आपले हात आपटायची. मध्येच गंगक्का मुद्दाम थांबायच्या आणि तिच्याकडं बघत नुसत्या बसून राहायच्या – तव्यावरची रोट्टी करपली तरी बेहत्तर. इंदू आधी परातीकडं बघायची, मग त्यांच्या हातांकडं, मग कितीतरी वेळानं वर त्यांच्या तोंडाकडं, आणि खुदकन हसायची. चुलीच्या धुराचा, भाजल्या ज्वारीचा, कारळ्याच्या चटणीचा तो मिसळलेला वास अजूनही कुणाच्या स्वयंपाकघरातून अवचित आला, की माझं पाऊल अडखळतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही हुबळीत, केशवापूरला राहत होतो. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, बाजारात खणांचं दुकान होतं, आणि संध्याकाळी ते घरी आले की नव्याकोऱ्या कापडाचा खळीचा वास त्यांच्यासोबत आत यायचा. आजोबा मिरजेकडून आले आणि इथंच रुजले. घरात मराठी आणि बाहेर कन्नड, असं आपलं म्हणायचं. प्रत्यक्षात आमच्या तोंडात दोन्ही भाषा सुखानं नांदत होत्या. अण्णा लाड मराठीत करायचे आणि रागवायचे कन्नडात. आई भाजीवालीशी कन्नडात हुज्जत घालायची आणि ती पाठमोरी झाली की मराठीत पुटपुटायची. यात काही वेगळं आहे असं आम्हांला कधी वाटलंच नाही.

इंदू माझ्याहून सहा वर्षांनी लहान. ती बसली उशिरा, चालली अडीच वर्षं पुरी झाल्यावर, आणि साडेतीन झाली तरी बोलेना. हाक मारली तर वळायची, पण तिच्या सवडीनं. वेखंड उगाळून जिभेला लावून झालं, देवळातली घंटा तिच्या हातून वाजवून झाली, "आपल्या घराण्यात सगळेच उशिरा बोलतात की" असा धीर देऊन आत्याबाई दोनदा येऊन गेल्या. आणि एका सकाळी गंगक्कांनी रोजच्यासारखं भिंतीवरून "बा, बंगारी" – ये, सोन्या – म्हणून बोलावलं, तेव्हा अंगणात बसलेली इंदू दोन्ही हात वर करून म्हणाली, "बा!"

मी नाचतच आईला बोलावून आणलं. आई इंदूसमोर फरशीवर बसली. "आई म्हण. म्हण की गं एकदा, आ-ई." इंदू भिंतीकडं बघत म्हणाली, "बा." आईनं पदर डोळ्यांना लावला, आणि मला वाटलं ती आनंदानं रडतेय… साडेतीन वर्षं वाट बघून आलेला पहिला शब्द आपला नाही, आपल्या भाषेतलाही नाही, हे कुठल्या आईला लागणार नाही? पण हे कळायला मला स्वतः आई व्हावं लागलं.

त्याच आठवड्यात अण्णा धारवाडला मळमड्डीत एका निवृत्त हेडमास्तरांना भेटून आले. अण्णांच्या लेखी त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. "पोर दोन भाषांच्या कात्रीत सापडलीय," असं मास्तर म्हणाले होते, "एक बंद करा. वर्षभर कन्नड तिच्या कानावर पडता कामा नये." अण्णा येताना पेढे घेऊनच आले, जणू मुलगी बोलूच लागली होती.

डॉक्टरनं तेल-तिखट वर्ज्य करावं तसं आमच्या घरात कन्नड वर्ज्य झालं. रेडिओ कपाटात गेला. भाजीवालीशी बोलायला आई रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊ लागली. अण्णांची तर फारच पंचाईत. रागवायला तोंड उघडायचे, कन्नड शब्द गिळायचे, आणि मराठीत तसा झणझणीत शब्द न सापडून तसेच कोटाची बटणं काढत बसायचे. या पथ्याची पहारेकरीण होते मी. नऊ-साडेनऊ वर्षांची, वर्गातली मॉनिटर, अंगात शिस्त नुसती सळसळत होती. कुणाच्या तोंडून चुकून कन्नड निसटलं की मी टाळी वाजवून त्याला पकडायची.

अशातच एका सकाळी गंगक्का ताज्या रोट्ट्या फडक्यात गुंडाळून दारात आल्या. आईला सांगणं जमेना. मीच पुढं झाले आणि सांगितलं – इंदूशी तुम्ही बोलू नका, कन्नड ऐकून तिला त्रास होतो. आणि हे मी त्यांना स्वच्छ कन्नडात सांगितलं.

त्यांनी आईकडं पाहिलं. आई रोट्ट्यांच्या फडक्याकडं बघत होती. "आगली बिडव्वा," एवढंच त्या म्हणाल्या – असू दे गं बाई – आणि फडकं उंबऱ्यावर ठेवून गेल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत.

इंदू रोज सकाळी भिंतीपाशी जाऊन उभी राहायची. "बा," म्हणायची, थांबायची, पुन्हा म्हणायची. कधीकधी पलीकडची थाप त्याच क्षणी बंद पडायची. गणपती गेले, दिवाळी आली… आणि ते "बा"सुद्धा बंद झालं. मराठी काही आलं नाही. मी पाटीवर मांजर काढून "म्हण, मांजर" म्हणत मास्तरीण बनून बसायची, आणि ती माझा हात ढकलून कोपऱ्यात जायची. पुढं कधीतरी पलीकडच्या चुलीचा धूरही दिसेनासा झाला. गंगक्कांचे यजमान रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते, बिऱ्हाड गावी गेलं होतं, आणि आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्या तरी कशाला सांगायला येणार होत्या?

दहा महिने झाल्यावर आई अण्णांशी आयुष्यात पहिल्यांदा भांडली आणि इंदूला घेऊन लॅमिंग्टन रोडवरच्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेली. मी सोबत होतेच, अण्णाही मागोमाग आले. बाई तरुण होत्या. टेबलाजवळची खुर्ची सोडून त्या खाली सतरंजीवर बसल्या आणि तासभर इंदूशी लाकडी ठोकळे खेळल्या. कान तपासले. मग म्हणाल्या, "ऐकू चांगलं येतंय. हिची वाढच सावकाश आहे, हिला सोबत खूप वर्षं लागेल. भाषेनं काही बिघडत नसतं हो, दोन काय, चार बोला." आणि जरा थांबून त्यांनी विचारलं, "ही हसते कुणाजवळ?"

आई-अण्णा एकमेकांकडं बघू लागले. मी म्हणाले, "गंगक्कांजवळ हसायची."

"मग त्या कुठंयत?"

अण्णांनी मान खाली घातली. बाई रागावल्या नाहीत. एका वेळी एकच गोष्ट सांगा, म्हणाल्या, हातानं करून दाखवा, आणि विचारलंत की थांबा – उत्तर आणायला तिला लांब जावं लागतं. कुठलंही पुस्तक न वाचता गंगक्का हेच तर करत होत्या!

अण्णांनी वर्कशॉपमध्ये चौकशी करून गंगक्कांच्या गावाचं नाव काढलं. संक्रांत नुकतीच झाली होती. अण्णिगेरीच्या बाजूला जाणाऱ्या खडखडाटी बसमध्ये आई, मी आणि इंदू. दोन्हीकडं काळी भेगाळलेली जमीन, कापूस वेचणाऱ्या बायका, उन्हाला कडब्याचा गोडसर वास. विचारत विचारत त्यांचं घर सापडलं. गंगक्का पडवीत शेंगा फोडत होत्या. आम्हांला पाहून उठल्या, आणि इंदूसमोर वाकून, एकेक शब्द जपून खाली ठेवत त्या म्हणाल्या, "ये… बाळ. बस. पाणी… पाहिजे?"

त्या मराठी शिकत होत्या. गावातल्या शिंप्याच्या बायकोकडून, रोज दोन शब्द. कधीतरी इंदू भेटली, तर तिला त्रास होऊ नये म्हणून.

आईनं त्यांचे हात धरले. "कन्नडदाग माताडरी, अक्का," ती हुंदके देत म्हणाली, "तुमच्याच भाषेत बोला हो." इंदू बराच वेळ उभी होती, मग गंगक्कांच्या मांडीवर जाऊन बसली, आणि उठायला तयार होईना.

पुढची पाच वर्षं, त्या वारेपर्यंत, आम्ही महिन्यातून एकदा तरी तिथं जात राहिलो. इंदूचे शब्द एकेक करून आले, दोन्ही भाषांतून, मनाला येईल तसे. "आई" आलं सहाव्या वर्षी, आणि आईनं ते ऐकलं. पण त्या दहा महिन्यांचं काय? मऊ मातीची असतात ती वर्षं, आणि रोज सकाळी भिंतीपाशी उभी राहून तिच्या ओठांशी काय काय येऊन परत गेलं असेल… मला ती सकाळ परत हवी आहे. मी दारात मुकाट उभी आहे आणि गंगक्का रोट्ट्या घेऊन सरळ आत येताहेत, एवढंच मला हवं आहे.

इंदू आता पन्नाशीला आलीय. धारवाडला माझ्याजवळ असते, धुतलेले कपडे फार नीट घड्या करून ठेवते. गेल्या महिन्यात अशाच घड्या चालल्या असताना मी तिला सगळं सांगून टाकलं – गंगक्कांना यायला मीच मनाई केली होती, मीच. आणि थांबले. तिनं दोन टॉवेल, एक परकर, एक चादर घडी केली. मग माझ्याकडं बघून विचारलं, "गंगक्का एल्लि?" गंगक्का कुठंयत.

"गावी गेल्या," मी म्हणाले.

"यावाग?" ती म्हणाली. कधी, म्हणजे परत कधी येणार. आणि चादर मांडीवर ठेवून ती माझ्या तोंडाकडं बघत थांबली. दोन्ही भाषा येतात मला. मी तिच्या मांडीवरची चादर उचलली, उलगडली आणि पुन्हा घडी घालायला घेतली.