झाकलेली भाकर

तारक्कानं पाय पुन्हा धुतले.

मी नुकतेच परातीत धुऊन, पंच्यानं पुसून कोरडे करून दिलेले पाय. ती उठली, दाराशी गेली आणि बाहेर उभ्या असलेल्या भाचीला म्हणाली, "पायस्वर पानी टाक वं." भाचीनं घागरीतून तांब्याभर पाणी ओतलं. तारक्कानं टाचेवर टाच घासली. बोटांच्या बेचक्यासुद्धा सोडल्या नाहीत. मग आत येऊन बायकांच्या सतरंजीवर आपल्या जागी बसली.

मी परातीपाशी गुडघ्यावर तशीच. कमरेला पंचा. माझे पाय कोरडे.

आमची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. शिरपूरच्या अलीकडे, तापीकाठच्या आमच्या गावात ख्रिस्ती मंडळी आहे, बुडवून बाप्तिस्मा घेणाऱ्यांची. जुन्या वळणाची. तान्ह्या लेकराच्या कपाळावर पाणी शिंपडलं की ते ख्रिस्ती झालं, हे आम्हाला मान्य नाही. जाणतं व्हायचं, आपल्या तोंडानं विश्वास कबूल करायचा आणि नदीत पुरतं बुडायचं. देवळात पेटी नाही, ढोलकी नाही. नाना गाण्याची एकेक ओळ सांगतात, आम्ही ती मोकळ्या गळ्यानं उचलतो. नाना सुतार. गोरे मिशनरी साहेब देश सोडून गेले तेव्हा मंडळीनं त्यांनाच वडील, म्हणजे मंडळीचा प्रमुख, नेमलं. आमच्यात वडील व्हायला पदवी लागत नाही.

पेरणीच्या आधी एकदा आणि कापूस वेचून झाला की एकदा, असं प्रभुभोजन असतं. खमीर न घातलेली भाकर, सगळ्यांना मिळून एकच पेला. आणि त्यानंतर पायधुणी. येशूनं शिष्यांचे पाय धुतले म्हणून आम्ही एकमेकांचे धुतो. पुरुष पुरुषांचे, बाया बायांचे. मी तुझे धुवायचे, पंचा सोडून तुझ्या हातात द्यायचा, मग तू माझे धुवायचे. अर्ध्यावर उठायचं नसतं.

तारक्का अर्ध्यावर उठली. कारण ती पाटलाची आणि मी म्हारवाड्यातली.

एरवी ती भाचीशीच जोडी लावायची. त्या दिवशी भाचीचं कडेवरचं पोर रडायला लागलं, ती बाहेर गेली आणि तारक्काच्या पुढ्यात मी आले. माझी ती पहिलीच पायधुणी. आदल्या उन्हाळ्यात मी तापीत बुडाले होते. नाना म्हणाले होते, जुनी बाई पाण्यात मेली, ही नवी बाहेर आली. मी ते मनापासून मानलं. माझ्याआधी त्याच डोहात तारक्का बुडाली होती. तापीनं दोघींना सारखंच भिजवलं होतं, मग मी का नाही मानायचं?

मी वाट बघत राहिले. खरंच वाटत होतं की ती येईल आणि पंचा मागेल. नानांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी शेवटच्या गाण्याची ओळ सांगितली. सगळे गायला लागले. मी परात उचलली, पाणी बाहेर फेकलं. कान तापले होते, आणि त्या गर्दीत मला कुठं बघावं तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी नानांच्या कारखान्यात गेले. रंधा चालू होता. सगळं ऐकून म्हणाले, "तिनं मनानं धुतले असं समज, बेटा."

मग मीही मनानंच धुतले असते तर चाललं असतं का, असं मी विचारलं. नाना रंधा मारत राहिले.

आई घरी ओरडली. "पाय धुयात नहीत म्हनीसन कोन्ही मरत नही. तिना वावरमा काम शे आपलं, ते देख."

तेही खरं. आम्ही तारक्काच्या वावरात राबायचो. देऊळ तिच्या नवऱ्यानं दिलेल्या जागेवर. विहीर तिची, आम्ही ख्रिस्ती झाल्यावर आम्हाला उघडी झालेली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गेरूनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, अस्पृश्यता पाळणं गुन्हा आहे. त्या भिंतीला टेकून पाटील पान खायचे.

पेरणीआधीचं प्रभुभोजन आलं.

भाकर मोडण्याआधी आमच्यात एक प्रश्न विचारतात. सगळे शांतीत आहेत का? कुणाच्या मनात कुणाविषयी काही असेल तर त्यानं आता बोलावं. कुणी बोललं, तर ते मिटेपर्यंत भाकर मोडायची नाही. नियम जुना आहे, पण माझ्या आठवणीत कुणी कधी बोललं नव्हतं. नाना विचारायचे आणि उत्तराची वाट न बघताच भाकरीवरचं पांढरं फडकं उचलायचे.

त्या दिवशीही विचारलं. हात फडक्यापर्यंत गेला.

मी उभी राहिले. "नाना, मी शांतीमा नही."

हात थांबला. आईनं खालून माझं लुगडं ओढलं. मी बसले नाही.

"कुणाशी?" नाना म्हणाले.

"तारक्कासंगे. मी तिना पाय धुयात. तिनी मन्हा धुयात नहीत."

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी हसलं. तारक्का बसल्या जागेवरून माझ्याकडे न बघता बोलली. "विहीरनं पानी दिधं, देव दिधा, आते काय डोकावर बठशी?"

देव दिधा! देव काय तिच्या खळ्यातली ज्वारी होती, उरलीसुरली आमच्या पदरात टाकायला? तोवर मला नुसता अपमान सलत होता. त्या वाक्यानं मला तिचं मन दिसलं. तिच्या लेखी मी बहीण नव्हतेच कधी. तिच्या दारात देव मागायला आलेली होते.

नानांनी मला विनवलं. पुन्हा विनवलं. मग फडकं नीट केलं आणि सगळे उपाशी घरी गेले.

वावरातलं काम त्याच आठवड्यात गेलं. विहिरीवर कडी लागली. आई आणि मी नदीवरून पाणी आणायला लागलो. आई माझ्याशी धड बोलत नव्हती.

मग मंडळीची सभा बसली. माझं नाव मंडळीतून काढायचं. आमच्यात कुणाला घ्यायचं किंवा काढायचं तर एकमतानं, सगळ्यांचे हात वर व्हावे लागतात. हात वर झाले. पाटलाकडचे आधी. मग आमच्या वाड्यातले, खाली बघत. विहीर त्यांनाही लागत होती, मी त्यांना बोल लावत नाही. नानांचाही हात वर गेला.

आईचे हात मांडीवर होते.

"हात वर कर," कुणीतरी मागून म्हणालं.

"मन्ही पोर खरं बोलनी," आई म्हणाली. "मन्हा हात वर जावाव नही."

मी तिच्याकडे बघितलं. ती समोर भिंतीकडे बघत होती, दात आवळून. मला रडू आलं, पण त्या लोकांसमोर मी रडले नाही.

म्हणून मी अजून मंडळीत आहे. ते मला काढू शकत नाहीत आणि मी जाणार नाही. शिरपूरला दुसरं देऊळ आहे, तिकडे जा, असा निरोप तारक्कानं पाठवला होता. मी का जाऊ? तापीत मीही बुडाले आहे.

दर प्रभुभोजनाला मी पहिल्या ओळीत बसते. नाना विचारतात, सगळे शांतीत आहेत का. हल्ली विचारून ते थांबतात, फडक्याला हात लावत नाहीत. मी उभी राहते आणि तेच सांगते. आता आई माझं लुगडं ओढत नाही.

तारक्का, परात मी घासून ठेवली आहे. पाणीही नदीवरून मीच आणीन. पण पंचा तुलाच तुझ्या कमरेला बांधावा लागेल, आणि सगळ्यांच्या देखत गुडघ्यावर बसावं लागेल. तोवर भाकर झाकलेली राहील. तुझ्यासाठीही आणि माझ्यासाठीही.