धाकटीच्या अंगाचा वास

पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी धाकटीच्या वेण्या घालत होते. ती साडेतीन वर्षांची होती. एरवी माझ्याकडे पाठ करून बसायची, पण त्या दिवशी मध्येच वळली आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाली, "आई, आज दोन क्लिपा लाव." मी कंगवा टाकला आणि मागे सरकले. ओलं फडकं चार दिवस बादलीत विसरावं, त्याच बादलीत उंदीर मरावा आणि मग कुणीतरी वरचं झाकण काढावं, असा तो वास होता.

"तोंड धुतलंस का गं?"

"धुतलं की."

"काय खाल्लंस?"

"पोहे."

पोह्यांचा असा वास येत नाही. मी श्वास रोखून दोन क्लिपा लावल्या आणि तिला अंगणात पिटाळलं. पोटच्या पोरीला अंगाजवळून ढकललं, याचं वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याआधी सुटल्यासारखं वाटलं.

माझा स्वभाव मुळात किळसवाणा. म्हणजे मला किळस फार. कर्जतला माहेरी असताना जेवणात कुणी खोकललं की मी ताट सोडून उठायची. दुसऱ्याच्या तांब्याला तोंड लावायची नाही. थोरलीच्या वेळी दिवस गेले तेव्हा सगळ्या बायका म्हणाल्या, "आपल्या लेकराची शी घाण वाटत नसते, बघशील." मी विश्वास ठेवला. सगळ्या खोटं बोलत होत्या. घाण ती घाणच. दोन पोरींची सात वर्षं सगळं काढलं, पुसलं, धुतलं, पण तोंड फिरवून आणि श्वास कोंडून. आमच्या ह्यांना याचं हसू येई. ह्यांच्या दहा गाई आहेत. अडलेल्या गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालतील, वासरू ओढून काढतील आणि हात धुतले न धुतले की चहा मागतील. सोनईपासून थोडं आत आमची वस्ती आहे. घराला लागून गोठा, पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन. मी बायकांचे ब्लाउज शिवते.

तर तो वास. दुसऱ्या दिवशी वाढला. मी धाकटीला दोनदा अंघोळ घातली. डोकं धुतलं, कान पाहिले, बेंबी पाहिली, काखा, बोटांच्या बेचक्या, मानेच्या वळ्या, जिथे जिथे मळ साठू शकतो तिथे तिथे घासलं. पोरगी लालबुंद झाली आणि साबणाच्या वासातून तो वास पुन्हा वर आला. मग मी गाद्या उन्हात टाकल्या, तिच्या उशीचा अभ्रा उकळला, कपाटामागे मेलेली पाल शोधली. पाल सापडलीसुद्धा. पण ती कधीची वाळून पापड झाली होती. तिला वास नव्हता.

सासूबाईंनी धाकटीचं तोंड उघडून आत पाहिलं. "दात किडला आसंल," म्हणाल्या. दात पांढरेशुभ्र होते. मग म्हणाल्या, "कुनाची तरी नजर लागलीय लेकराला," आणि मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. सगळं घर खोकायला लागलं.

"आता दोन वास झाले," हे म्हणाले.

"तू गप रं," सासूबाई म्हणाल्या. "मंग जंत झाले आसतील. पोटात जंत झाल्यावर असाच वास मारतो. मला म्हाईत हाय."

जंताचं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी घरामागे बसली, उठली, तर सासूबाई हातात बाभळीची काडी घेऊन हजर. मी लांब उभी राहिले, पदर नाकाला. त्यांनी काडीने निवांत उकरलं, जसं कुणी निखाऱ्यात रताळं शोधावं.

"काईच न्हाई गं ह्यात," त्या जरा नाराज होऊन म्हणाल्या. "हिकडं ये, तू बघ. तुजी नजर चांगली हाय."

"आई, मला नाही जमायचं."

"आगं, तुजीच पोर हाय ना? ये."

मी गेले. वाकले. जंत नव्हता. मधोमध एक सोनेरी टिकली चमकत होती, माझ्याच एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची. सासूबाईंना इतकं हसू आलं की त्यांनी काडी तिथेच टाकली आणि त्या गुडघे धरून खाली बसल्या. मला हसू आणि उमासा एकदमच आला. दोन्ही एकदम येतात तेव्हा घशातून जो आवाज निघतो तो फार वाईट असतो. गोठ्यातून हे ओरडले, "काय झालं?" सासूबाई म्हणाल्या, "काई न्हाई, तुज्या पोरीच्या पोटात सोनं निगालं!"

त्याच आठवड्यात अंगणवाडीच्या ताईंनी मला बाजूला घेतलं. चांगल्या बाई आहेत. शब्द शोधत होत्या. "राग मानू नका, पण तिला जरा रोज अंघोळ घालून पाठवत जा. बाकीची पोरं तिच्याशेजारी बसेनात."

सगळ्या वस्तीत माझं घर सर्वांत स्वच्छ. चहाचा कपसुद्धा मी पिण्याआधी विसळून घेते. आणि मला ह्या बाई सांगत होत्या, पोरीला अंघोळ घाला. मी धाकटीचा हात धरून घरी आले. वाटेत ती म्हणाली, "आई, मला कुणीच पकडापकडीत घेत नाही." मी मान खाली घालून चालत राहिले. त्या क्षणी मला पोरांचा राग आला, ताईंचा आला, वासाचा आला. आणि सगळ्यांत जास्त माझाच आला, कारण पोरीचा हात धरून चालतानासुद्धा मी वाऱ्याची दिशा बघून चालत होते.

गावातल्या डॉक्टरांनी तिला स्टुलावर बसवलं, एकदा जवळ वाकले आणि झटकन सरळ झाले. "सर्दी साठलीय," म्हणाले. पातळ औषध लिहून दिलं. पाच दिवस पाजलं. वास तसाच.

पण औषध पाजताना रोज तिचं नाक पुसावं लागे आणि त्यातून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. शेंबूड फक्त डाव्या बाजूने येत होता. उजवी नाकपुडी कोरडी ठणठणीत. डावीतून मात्र हिरवट, घट्ट, मधूनच रक्ताची रेघ असलेलं काहीतरी. मी रुमाल नाकापासून लांब धरून ह्यांना दाखवला.

"सर्दीला डावं-उजवं कळतं का हो?" मी विचारलं.

ह्यांनी रुमालाकडे पाहिलं. गाईगुरांचं सगळं बघणारा माणूस, पण त्यांनीही तोंड फिरवलं. "चल," म्हणाले, "नगरला दाखवू."

थोरलीला शाळेला सुट्टी होती म्हणून तिलाही घेतलं. घोडेगावपर्यंत गाडीच्या काचा उघड्या होत्या, पुढेही उघड्याच ठेवल्या. धाकटी माझ्या मांडीवर झोपली. मी सगळा रस्ता तोंड बाहेर काढून बसले होते. थोरली मागच्या सीटवर अगदी चूप. तिला चूप बसलेलं मी क्वचित पाहिलंय, पण तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

नगरच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. मी सगळं सांगितलं. अंघोळी, दात, जंत, टिकली. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "एकाच नाकपुडीतून येतंय?"

"हो."

"मग आत काहीतरी आहे." बॅटरी मारून त्यांनी पाहिलं. "आहेच. काय गं बाळ, काय घातलंस नाकात?"

धाकटीने ओठ घट्ट मिटले. डॉक्टरीणबाईंनी थोरलीकडे पाहिलं. "तुला माहितीये?"

"मी सांगणार नाही," थोरली म्हणाली. "मी शप्पथ घेतलीय."

"कुणाची?"

"गाईची."

मला तिथेच तिला एक द्यावीशी वाटली. पण डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "असू दे. गाईची शप्पथ मोडायची नाही. आपण काढूनच बघू."

धाकटीला चादरीत गुंडाळलं. मी तिला मांडीवर घेऊन आवळून धरलं, नर्सने डोकं धरलं, ह्यांनी पाय. डॉक्टरीणबाईंनी बारीक चिमटा आत घातला. धाकटीने जी किंकाळी फोडली ती बाहेर रस्त्यावर गेली असेल. चिमटा हळूहळू बाहेर येऊ लागला आणि त्याच्या टोकाला एक काळपट, फुगलेला, बुळबुळीत गोळा. बाहेर येतच राहिला. एवढ्याशा नाकात एवढं मावतं कसं, हेच कळेना. शेवटी पचकन आवाज झाला आणि तो सुटला.

आणि मग वास सुटला. इतके दिवस आम्ही जे सोसलं ती नुसती फट होती, आता दार उघडलं. नर्सने खिडकी उघडली. डॉक्टरीणबाईंनी मास्क नाकावर चढवला. बाहेर बसलेली दोन माणसं उठून जिन्यात गेली, हे मी दाराच्या काचेतून पाहिलं. आणि वासरं ओढून काढणारे आमचे हे धाकटीचे पाय सोडून भिंतीला टेकले आणि हळूहळू खाली बसले. मी बेसिनपर्यंत पोचले, एवढंच माझं नशीब.

तोंड धुऊन मागे वळले तर डॉक्टरीणबाईंनी तो गोळा ट्रेमध्ये पाण्याने धुतला होता. काळपटपणा गेला आणि खालून फिकट गुलाबी रंग दिसला. "स्पंज आहे," त्या म्हणाल्या. "कशाचा असेल?"

मला बघताक्षणी कळलं. ब्लाउजच्या कपाचा. मी कप कापताना कडेचे तुकडे खाली पडतात, ते मी दिवसाकाठी झाडून काढते. सगळ्या भरल्या दवाखान्यात, नवऱ्यासमोर, मी म्हणाले, "ब्लाउजचा आहे. माझाच. म्हणजे, मी शिवते त्यातला."

"पण नाकात कशाला घातलास गं बाई?" डॉक्टरीणबाईंनी धाकटीला विचारलं. तिचे हुंदके चालू होते. उत्तर थोरलीने दिलं. गोळा बाहेर आला म्हणजे शप्पथ संपली, असा तिने हिशेब केला असावा.

"आईच म्हणाली होती."

"मी?"

"बाबांनी मुरघासाची पिशवी फोडली त्या दिवशी. तू म्हणालीस, या वासानं नाकात बोळे घालून बसावंसं वाटतं."

मुरघास म्हणजे मका हिरवा असताना कापून बंद पिशवीत आंबवलेला चारा. गाई त्याच्यासाठी वेड्या होतात. मला मात्र तो आंबूस वास डोक्यात जातो. तीन आठवड्यांपूर्वी ह्यांनी घराजवळच पिशवी फोडली होती आणि मी दिवसभर पदर नाकाला लावून कुरकुरत होते. बोळ्यांचं बोलले असेन. कितीतरी गोष्टी बोलते मी.

"मग आम्ही घातले," थोरली म्हणाली. "तिच्या नाकात दोन्हीकडे. उजवीकडचा शिंकेबरोबर बाहेर आला. डावीकडचा मी पेन्सिलीनं काढायला गेले, तर आत गेला."

"आणि सांगितलं का नाहीस?"

"तू 'शी' म्हणाली असतीस."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि त्या डोळे पुसत हसायला लागल्या. नर्स हसली. जमिनीवर बसलेले हे हसले. मीही हसले. पण थोरलीचं शेवटचं वाक्य कुठेतरी आत रुतून बसलं होतं, आणि ते काढायला कुणाकडे चिमटा नव्हता.

"माझं पण नाक बघा," थोरली म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही नाकपुड्या, दोन्ही कान पाहिले. काहीच नव्हतं. तिचं तोंड उतरलं. परतताना रस्ताभर ती रुसून बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः अंगणवाडीत गेले आणि ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. चार दिवसांत ते सोनईच्या बाजारापर्यंत गेलं. नवी गिऱ्हाइकं येतात तीही मापं देता देता विचारतात, "तुमचीच ना ती स्पंजवाली?" कापलेले तुकडे आता मी लगेच डब्यात टाकते आणि डब्याला झाकण लावते. 'शी' म्हणणं कमी केलंय. गेलेलं नाही. तोंडातून निघायच्या आत गिळते, एवढंच.

परवा सकाळी मी मशीनवर होते. धाकटी आली, मूठ घट्ट मिटलेली. "आई, हात पुढे कर."

"काय आहे ते आधी सांग."

"सांगितलं तर तू घेणार नाहीस."

मी हात पुढे केला. तिने काहीतरी ठेवलं. कोमट, ओलं, बारीक. थोरलीचा पडलेला दुधाचा दात होता, मुळाशी रक्त आणि एका कडेला भाकरीचा कण चिकटलेला. थोरली मागे दारात उभी होती, तोंडातून लाळ गळत, हसत. माझ्या घशाशी आलेलं मी गिळलं.

"छान आहे," मी म्हणाले.

सासूबाई अंगणातून ओरडल्या, "शेनात घालून छपरावर टाकावा लागतो तो. आन आईनंच टाकायचा आसतो!" त्या गोठ्यातून ताजं शेण घेऊनच आल्या. वाफ निघत होती. मी त्यात दात दाबला, गोळा केला आणि घरावर फेकला. पत्र्यावर थप्प करून चिकटला. दोघी पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी नळाशी जाऊन तीनदा साबण लावला. वास जात नव्हता, म्हणून चौथ्यांदा लावला.