जाळीच्या आतलं रबर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाला नाही, आणि दोन घोट पोटात असताना तर मुळीच नाही — तेव्हा मी जास्तच जपून असतो. तुम्हाला सांगतोय ते तुमचं तोंड मला दिसत नाही म्हणून.

तसा मी बोलणारा माणूस. उंब्रजला हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे, आणि गॅरेजच्या शटरपेक्षा माझं तोंड मोठं आहे असं गाव म्हणतं. खोटं नाही ते. मी एकदा कऱ्हाडपासून साताऱ्यापर्यंत जीप नुसत्या वासावर नेली होती — टाकीत डिझेल नव्हतं, डिझेलचा वास होता. एका ट्रकचा हॉर्न असा दुरुस्त केला की कोयनेतले मासे काठावर येऊन बसले. लोक हसतात, चहा सांगतात, 'संपा, आनखी एक होऊ दे' म्हणतात. अशा थापांनी कुणाचं काय बिघडलं? त्या मला कधी टोचल्या नाहीत. टोचते ती एकच, आणि तीच ऐकून माझ्या गळ्यात हार पडला.

येतो, मुद्द्यावर येतो. जरा वळसा घालू द्या.

ब्रेकचं असं असतं — पायानं पेडल दाबलं की तेल पळतं आणि चाकाशी जाऊन ब्रेक आवळतं. वाटेत सगळी लोखंडी नळी. पण चाक वळतं, वरखाली होतं, म्हणून शेवटचा हातभर पाइप लवचिक लागतो. गाडीबरोबर येतो तो रबराचा. आत रबर, मध्ये दोऱ्याची वीण, वर पुन्हा रबर. दुसरा असतो जाळीचा. आत गुळगुळीत कडक नळी आणि वरून स्टीलच्या तारांचं विणकाम. रबर म्हातारं झालं की दाबाखाली फुगतं, तुमच्या पायाचा थोडा जोर त्या फुगण्यातच जिरतो. जाळीचा पाइप फुगत नाही. शर्यतीच्या गाड्यांना तो घालतात. आपल्या रस्त्यावरच्या गाडीला नवं रबर पुरतं — अगदी मजेत पुरतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. अडाणीपणा होता म्हणून सोडून द्या, असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

आमच्याकडे सुभेदार आबा म्हणून एक गृहस्थ आहेत. फौजेत बर्फाच्या डोंगरांतून ट्रक चालवले, आता ऊस बघतात. बोलणं इतकं कमी की शब्दसुद्धा त्यांना रेशनवर मिळतात की काय असं वाटावं. एका शुक्रवारी ते आपली जुनी पांढरी गाडी घेऊन आले.

"संपा, पेडल पावावानी मऊ लागतंय रं. ऐतवारी जुईला समुद्र दावाय न्यायचाय. कुंभार्लीचा घाट उतरायचा हाय."

जुई म्हणजे त्यांची नात. तिनं समुद्र फक्त मोबाइलमध्ये पाहिला होता.

आता मी सरळ म्हणायला हवं होतं, रबर जुनं झालंय, नवं टाकतो. पण समोर चहाच्या गाड्यावर आठ-दहा मंडळी कान देऊन बसलेली. सोळा-वीस कान — म्हणजे माझ्यासाठी अख्खी जत्रा. मी मोठ्यानं म्हणालो, "आवं आबा, रबराचं दिस गेलं! तुमच्या गाडीला इमानातलं पाइप टाकतो. जाळीचं. पाय ठिवायच्या आधी गाडी हुबी ऱ्हाईल!"

संध्याकाळपर्यंत ही बातमी इतकी वाढली की सुभेदारांच्या गाडीला पंख बसवणार आहेत असं माझ्याच मेव्हण्यानं मला सांगितलं.

पाइप पुण्याहून मागवले होते. शनिवारी यायचे होते. आले नाहीत.

कऱ्हाडात नवं रबर मिळत होतं. जाऊन-येऊन, बसवून, चहा पिऊनसुद्धा वेळ उरला असता. आबांनी एका शब्दानं विचारलं नसतं. पण चहाचा गाडा विचारणार होता ना! 'काय संपा, इमान चुकलं व्हय?' — हे एवढं वाक्य. याच्यासाठी मी काय केलं?

गाडी नटवायची हौस असलेले लोक इंजिनातल्या वायरींवर चकचकीत स्टीलची जाळी चढवतात. नुसती शोभा. पायमोज्यासारखी ओढायची, टोकांना क्लिप मारायची. तसली जाळी माझ्याकडे पडून होती. मी आबांचे जुने रबरी पाइप काढले, त्यांच्यावर ती ओढली, आणि तेच पाइप परत जागेवर बसवले. मग ब्रेकमधली हवा काढली. अर्धा मऊपणा हवेचाच होता, त्यामुळे पेडल कडक झालं.

आबांनी पाय ठेवला. "दगड झाला की रं!" म्हणाले. मग गाड्यावरची सगळी मंडळी एकेक करून चाकाजवळ वाकली आणि नव्या नवरीचं तोंड बघावं तशी ती जाळी बघून गेली.

रविवारी उजाडताना गाडी निघाली. आबा, त्यांची मंडळी, मुलगा, सून, आणि मागच्या खिडकीत जुई.

तो दिवस मी कसा काढला ते विचारू नका. फोन वाजला की मी हातातला पाना टाकून धावायचो. फोन वाजला नाही तर तो चालू आहे का ते बघायचो.

सोमवारी दुपारी ते परत आले आणि घरी न जाता थेट गॅरेजवर थांबले. आबा उतरले. मला वाटलं, कळलं. आता हा फौजी मला इथंच झोपवतो. आबांनी मला मिठी मारली.

रविवारी घाट उतरताना एका वळणापलीकडे टेम्पो आडवा पडला होता. उजवीकडे कडा, डावीकडे दरी. आबांनी दोन्ही पाय पेडलवर घातले.

"मदी हात घालाय जागा न्हवती गड्या," आबा म्हणाले. "तुज्या पाइपानं पोरगी राखली."

आणि समुद्रकाठच्या देवळात गणपतीच्या गळ्यातला म्हणून मिळालेला हार त्यांनी माझ्या गळ्यात घातला. सगळ्यांसमोर. त्यांचे डोळे भरले होते. फौजेतल्या त्या माणसाचे.

मी काय केलं असेल? मी गोष्ट वाढवली. महिन्याभरात टेम्पो आणि गाडीच्या मधली ती जागा सुपारीएवढी झाली, मग केसाएवढी. टेम्पोचे दोन टेम्पो झाले. गाडी थांबली तेव्हा दरीतलं माकड टाळ्या वाजवत होतं. लोणंदहून, इस्लामपूरहून लोक गाड्या घेऊन आले. 'सुभेदारांना बसवलं त्येच द्या.' त्यांना मी खरे जाळीचे पाइप दिले, तेवढं केलं. पण गोष्ट तीच सांगितली.

खरे पाइप त्या सोमवारीच येऊन पडले होते. "आबा, गाडी ठिऊन जावा, नट आवळतो," म्हणालो, आणि शटर ओढून घेतलं. जुने पाइप काढले. जाळी कापली.

इथं माझी थाप चालत नाही, म्हणून सरळ सांगतो. एका पाइपावरचं रबर थंडीतल्या टाचेसारखं उभं फुटलं होतं. एका जागी बोराएवढा फोड होता. तो मी पात्यानं चिरला. आतलं रबर तिथं फाटून तेल बाहेरच्या थरात घुसलं होतं. मध्ये उरली होती ती दोऱ्याची वीण — तीही बरीचशी तुटलेली. काही दोरे शाबूत होते. बस, काही दोरे. घाटात दोन्ही पायांनी घातलेला तो सगळा जोर, पाच माणसांची गाडी, तो उतार — हे सगळं त्या दोऱ्यांनी पेललं होतं. माझ्या स्टीलनं नाही. माझं स्टील वर नुसतं चमकत होतं.

मी खाली बसलो. मी जन्मभर मोठमोठ्या गोष्टी रचल्या, पण एवढी मोठी मला कधी रचता आली नसती. पांढरट, तेलानं भिजलेले, माझ्या मिशीच्या केसांहून बारीक दोरे! मी हात लावला आणि त्यातला एक तुटला. नुसत्या बोटानं. मग आदल्या दिवशी तो कशानं धरून होता? मला आजही कळलेलं नाही. मी नमस्कार केला. कुणाला केला, तेही कळलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, झालं, सांगून टाकलंस. नाही हो. वळसा अजून संपलेला नाही. जाळीपर्यंत आलो, आत अजून आहे.

तो फोड मी सोमवारी पहिल्यांदा पाहिला नव्हता.

शनिवारी जाळी ओढताना ती एका जागी अडकली. खाली बघितलं तर फोड. मऊ होता. मला त्याचा अर्थ कळत होता — गॅरेजमध्ये आयुष्य गेलंय माझं. मी अंगठ्यानं तो दाबून धरला आणि वरून जाळी ओढून घेतली.

आणि रविवारी निघताना आबांनी काच खाली केली. घाटात उतरायचं, मागं पोरगी, म्हणून असेल — त्या न बोलणाऱ्या माणसानं मला विचारलं, "संपा, निगू न्हवं?" गाडी चालू होती, पण गिअर पडला नव्हता. जुई खिडकीतून माझ्याकडे बघत होती. चहाच्या गाड्यावर त्या वेळी कुणीसुद्धा नव्हतं. हसणारं एक माणूस नव्हतं तिथं.

आपल्याकडे निघालेल्या माणसाला 'जा' म्हणत नाहीत.

मी म्हणालो, "या."