दुसऱ्या तपासणीच्या आधी

"पेशंटच्या बापाने बाहेर वॉचमनला जयभीम घातला. तुमच्यातलेच दिसतायत. तू जा, पटवून ये."

मोठे सर हे सगळ्यांसमोर म्हणाले. परळचं आमचं हॉस्पिटल, सकाळची मीटिंग, टेबलाभोवती आठ माणसं. कोणी मान वर केली नाही. मी पेनाला टोपण लावलं आणि उठले.

मी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर आहे. मेंदू मृत झालेल्या पेशंटच्या घरच्यांना अवयवदानाबद्दल विचारणं हे माझं काम. माझ्याबरोबर आणखी एक कोऑर्डिनेटर आहे, माटुंग्याची, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. ट्रेनिंग तेच, पद तेच. सर तिला 'मॅडम, तुम्ही' म्हणतात. मला अगं-तुगं. वरच्या मजल्यावरच्या डिलक्स खोल्यांमधली कुटुंबं तिच्याकडे, खालचा जनरल वॉर्ड माझ्याकडे. असं कुठे लिहिलेलं नव्हतं. होत गेलं, आणि मी होऊ दिलं. मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली, मला या लोकांशी बोलता येतं, असं मीच कौतुकाने सांगायचे.

पेशंट तेवीस वर्षांची मुलगी. स्कूटरवरून पडलेली.

मेंदू मृत ठरवायला डॉक्टर दोनदा तपासतात, मध्ये सहा तास जावे लागतात. दुसरी तपासणी होईपर्यंत आम्ही दानाचा विषय काढायचा नाही. वरच्या मजल्यावर हा नियम घड्याळ लावून पाळतात.

"सर, दुसरी तपासणी दोनला आहे," मी कॉरिडॉरमध्ये म्हटलं.

"अगं, ही माणसं वेळ लावतात. आत्तापासून कानावर घाल. प्रश्न विचारणारी नाहीत ती."

मी गेले. हे लिहायलाच हवं. नियम मला पाठ होता, आणि मी गेले.

आई बाकावर बसली होती. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मुलीच्या चपला. वडील शेजारी उभे. मी बसले, नेहमीची वाक्यं नेहमीच्या आवाजात बोलले. आईने सगळं ऐकून घेतलं.

"बाई, अजून एक तपासणी आहे ना? दोन वाजता?"

"हो."

"मग तुम्ही आत्ताच कशा आल्या?"

माझी नजर पिशवीतल्या चपलांवर गेली.

"वरच्या मजल्यावर पण अशाच जाता?"

वडील हळूच म्हणाले, "जाऊ दे गं. त्यांना पाठवलं असेल."

मीटिंगमधलं मी गिळलं होतं. हे गिळता आलं नाही. त्या माणसाला माझा राग आला नव्हता. त्याला माझी कीव आली होती.

दोनच्या तपासणीत तेच निघालं. मुलगी गेली होती. घरच्यांनी नकार दिला. जाताना वडील माझ्यापाशी थांबले. "आम्ही दिलं असतं, ताई. पण आधी तिला जाऊ तरी द्यायचं."

आमच्या डायलिसिसला एक शाळेतल्या बाई येतात. तीन वर्षं येतायत. किडनीसाठी कदाचित त्यांचा नंबर लागला असता. तो नकार मी आणला होता.

सर म्हणाले, "तुझ्याच लोकांना तुला पटवता येत नाही? मग तुला ठेवलंय कशाला?"

रडायला आलं नाही. नुसती थकले होते. माझ्या जागेवर येऊन जुनी वही काढली. प्रत्येक कुटुंबाची नोंद मी स्वतः ठेवते. कुठला मजला, कोण बोललं, तपासणी किती वाजता, बोलणं किती वाजता. पानामागून पान उलटत गेले. खालच्या मजल्यापुढे दर वेळी माझं नाव. आणि घाई तिथेच. इतकी वर्षं माझ्याच अक्षरात होतं, मी कधी सलग वाचलं नव्हतं.

बारा दिवसांनी पुन्हा मीटिंग.

"जनरल वॉर्ड. तू जा."

मी उठले नाही. "आज पाळी मॅडमची आहे, सर. आणि दुसरी तपासणी पाचला आहे. त्याआधी कोणीच जाणार नाही."

"पाळी? कसली पाळी?"

मी कागद पुढे सरकवला. दोन नावं, एक दिवसाआड, दोन्ही मजले एकत्र. "एक प्रत अधीक्षकांना दिली आहे. मागच्या वेळचं सगळं लेखी दिलंय. माझी चूकसुद्धा."

"तुझ्या मानापानात इथे पेशंट मरतील."

"मागचा नकार आपल्या घाईने आला, सर."

बाहेर आल्यावर मॅडम माझ्यामागे धावत आली. चेहरा उतरलेला. "ताई, मी खाली कधी बोललेच नाहीये. काय बोलू?"

"पाचपर्यंत काहीच नाही. त्यांच्याजवळ बस. पाणी विचार."

"आणि मग?"

"मग वर जसं बोलतेस तसंच. शब्द बदलू नकोस."

मला मेमो मिळालाय. वरिष्ठांशी उद्धट वर्तन. उत्तर टाइप करून तयार आहे, वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. नोकरी राहील की जाईल, माहीत नाही. या वयात दुसरी कोण देणार, तेही माहीत नाही. झोप नीट लागत नाही. पण तो कागद मी मागे घेणार नाही.

उद्या पाळी माझी आहे. वरच्या मजल्यावर एक पेशंट आहे, दुसरी तपासणी अकराला. सरांनी निरोप पाठवलाय, तिथले नातेवाईक मोठे आहेत, मॅडमनाच जाऊ दे.

अकरा वाजून गेले की मी वर जाणार आहे.