आपल्याच कागदावर

आमच्या वहिनींसारखा नेम अख्ख्या मराठवाड्यात कुणाचा नाही, आणि नेम धरायला त्यांच्याइतका वेळही कुणी घेत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या कुंकवाचं बोट सरळ पुढं धरतात, डावा हात कमरेला पदरात खोचतात, एक डोळा मिटतात, श्वास रोखतात आणि मग समोरच्या बाईचाही श्वास अडकतो. "हालू नका हो," एवढंच म्हणतात. कुंकू बरोबर मधोमध बसतं, पण मागं बायकांची रांग पार अंगणाबाहेर जाते. चहाचंही तेच. कपबशी ताठ हातानं अशी आणणार की बशी कोरडी ठणठणीत! माझ्या दादाला बशीतला चहा फार आवडतो. लग्नापासून त्याचं एकच दुःख. "लोकांच्या बायका थोडा तरी सांडतात रे."

वहिनी मूळच्या उमरीच्या. कॉलेजच्या शिबिरात कुणीतरी त्यांच्या हातात छऱ्याचं पिस्तूल दिलं, आणि आपल्याकडं बाईच्या हातात लाटणं सोडून काही शोभत नाही अशा त्या काळात या बाई कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या गोदामात भिंतीला कागद लावून उभ्या राहू लागल्या. पुरुष नेमबाज डावा हात पँटच्या खिशात घालून अंग स्थिर करतात. साडीला खिसा कुठला? म्हणून तो हात कमरेला खोचायचा, तो कायमचाच. बघायच्या कार्यक्रमात माझ्या वडिलांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "शिवण, भरतकाम, काय येतं?"

"पिस्तूल," वहिनी म्हणाल्या.

वडिलांच्या हातातला पोह्यांचा चमचा हवेतच राहिला. आई माझ्याकडं बघायला लागली, मी दारातल्या चपलांकडं. दादा तेवढा म्हणाला, "चालंल की." आणि जमलं.

लग्नानंतर लगेच राज्याची स्पर्धा आली. शेवटची गोळी उरली होती, पदक जवळजवळ गळ्यात पडलेलं. वहिनींनी नेम धरला, मारला. काळ्या ठिपक्याच्या अगदी मधोमध, पूर्ण दहा गुण! फक्त कागद शेजारणीचा होता. होतं असं नेमबाजांचं. ओळीनं सारखे कागद टांगलेले असतात, नजर ठिपक्यात इतकी बुडते की तो आपला आहे का, हे बघायचंच राहून जातं. वहिनींना भोपळा. तिच्या कागदावरचं कुठलं भोक कुणाचं ते कळेना, म्हणून नियमानं चांगलं भोक शेजारणीला मिळालं, आणि पदकही. परत येताना वहिनी एसटीच्या खिडकीला डोकं टेकून बसल्या. नांदेड गेलं, लातूर मागं पडलं, आमचं मुरुड आलं, तेव्हा दादा हळूच म्हणाला, "पर दहाच होता." तेव्हा कुठं त्या रडल्या.

पुढं मुरुडच्या शाळेतली नोकरी, पोरंबाळं, आणि स्पर्धा सुटली ती सुटलीच. खोड मात्र जडली. कशालाही हात लावण्याआधी विचारणार, "आपलंच हाय ना?" देवळाबाहेरच्या चपला, पंगतीतलं ताट, दोरीवरचे कपडे, काही सुटलं नाही. आमच्या मामेबहिणीच्या लग्नात तर अक्षता मुठीत धरून मला विचारतात, "भावजी, नवरी आपलीच हाय ना?"

"अहो वहिनी, ओळखत न्हाई का तिला?"

"ओळखते की. तवा कागद बी ओळखतच होते."



गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढत जाणार. दुसरी कुणी असती तर तिनं अंथरूण धरलं असतं. यांनी लातूरच्या स्पर्धेत ज्येष्ठांच्या गटात नाव दिलं! "भावजी, माझी एक गोळी राहून गेलीय. हात हाय तवर आपल्या कागदावर मारून घेते."

आम्ही दोघे भाऊ मागं खुर्च्यांवर बसलो. पिस्तूल वर जायचं, थरथरायचं, खाली यायचं. गुणांचं विचारू नका. शेवटच्या गोळीला हात वर गेला, थांबला आणि खाली आला. पिस्तूल टेबलावर ठेवून वहिनी मागं वळल्या आणि भरल्या हॉलमध्ये दादाला विचारलं, "आपलंच हाय ना?"

"हाव, आपलंच हाय! मार तू!" दादा खुर्चीवरून उठून ओरडला. जन्मात एवढ्या मोठ्यानं बोलला नसेल. पंचांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

गोळी सुटली. सात गुण. पण आपल्या कागदावर! तो कागद छातीशी धरून वहिनी बाहेर आल्या तेव्हा, खोटं कशाला बोलू, नव्या नवरीसारख्या दिसत होत्या.

आता पिस्तूल कपाटात असतं. परवा मुरुडला गेलो तर वहिनी चहा घेऊन आल्या. हात तसाच ताठ, डावा कमरेला खोचलेला. पण दादापाशी येईपर्यंत अर्धा चहा बशीत सांडला होता. वहिनी खाली बघत तिथंच उभ्या राहिल्या.

दादानं कप बाजूला ठेवला, बशी दोन्ही हातांनी उचलली आणि डोळे मिटून मोठा फुरका मारला.

"आपल्याच बशीत हाय की," तो म्हणाला.