एकदम ड्राय

मी दारू पीत नाही, आणि या गोष्टीवर माझ्या सासूबाईंचा विश्वास नव्हता.

म्हणजे लग्न ठरलं तेव्हा होता. पुण्याला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, व्हिसा विचारला नाही, पत्रिकासुद्धा विचारली नाही. पोह्यांची बशी पुढे करत एकच प्रश्न केला, "घेता का?" मी म्हणालो, "थेंबसुद्धा नाही." त्या थेंबावर माझं आणि मुग्धाचं लग्न झालं! मी पडलो नागपूरचा, तिखट खाणारा, मोठ्याने बोलणारा. माझ्या नावावर दुसरा एकही गुण त्यांना सापडत नव्हता.

घोळ केला तो माझ्या जिभेने. शिकागोला आल्यापासून दर शुक्रवारी आमच्या ऑफिसची मंडळी कुठल्यातरी बारमध्ये जातात आणि त्यांच्याबरोबर मीही जातो. ते पितात, मी खातो. मी चकण्याचा माणूस! आठ वर्षांत शहरातल्या इतक्या बारमध्ये बसून मी लिंबू-सोड्याबरोबर इतकं तळलेलं खाल्लंय, की त्यावर माझी मतं तयार झालीयत. नदीकाठच्या बारमधून बोटी छान दिसतात, पण तिथले नाचो ओले असतात. गच्चीवरच्या बारमध्ये बशी परातीएवढी आणि त्यात खाणं चिमूटभर. ऑफिसखालच्या बारचे फ्राइज मात्र असे, की माणसाने नोकरी बदलू नये. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण मी कॉकटेल्सवरही बोलायला लागलो. शेजारचा जे म्हणेल ते ऐकायचं आणि पुढच्या आठवड्यात महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठोकून द्यायचं. "तिथली मार्गारिटा? मीठ जास्त." "तिथली ओल्ड फॅशन्ड हल्ली गोड झालीय." ग्रुपवर कुणीही काही विचारलं की उत्तर ठरलेलं : हेमंतला विचारा.

गेल्या जानेवारीत सासूबाई आल्या. सगळे सांगत होते की जूनमध्ये या, पण त्यांना बर्फ बघायचा होता. तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या बाई. जे दिसेल त्याची चौकशी करायची, निरीक्षण करायचं, छोट्या वहीत नोंद करायची आणि दहापैकी मार्क द्यायचे, ही त्यांची सवय. विमानतळाला सहा मिळाले होते. बर्फाला नऊ. (एक मार्क नंतरच्या चिखलाबद्दल कापला.)

संक्रांतीच्या कार्यक्रमात मंडळाचे कुलकर्णीकाका तिळगूळ घेऊन त्यांच्यापाशी आले आणि फारच गोड बोलले. "तुमचे जावई म्हणजे काय विचारता! शिकागोच्या बारचा चालताबोलता नकाशा!"

सासूबाईंच्या हातातला लाडू तोंडापर्यंत जाऊन परत आला. मी दूर मसालेभाताच्या रांगेत होतो. तिथूनसुद्धा मला ती नजर लागली.

परतताना मी गाडीत पुढे बसलो. मग मागच्या सीटवरून आवाज आला, "हेमंतराव, ओल्ड फॅशन्ड म्हणजे काय हो?"

"आई, ते... जुन्या पद्धतीचं एक पेय असतं."

"अस्सं. आणि तुमचं ते 'थेंबसुद्धा नाही', ते जुन्या पद्धतीचं की नव्या?"

मुग्धा ड्राइव्ह करत होती. तिने रेडिओचा आवाज वाढवला.

मी त्या रात्रीपासून शपथा घ्यायला सुरुवात केली. फ्राइजची शपथ घेतली, प्रमोशनची घेतली. सासूबाई शांतपणे ऐकून घ्यायच्या, आणि कॉपी केलेल्या मुलाचं ऐकून घेतात तसं "बरं" म्हणायच्या. आठ वर्षं सोडा पिऊन जपलेलं चारित्र्य डोळ्यांदेखत चाललं होतं! आणि शनिवारी सकाळी त्या चहा घेता घेता म्हणाल्या, "मला बार बघायचाय."

"काय?" मी आणि मुग्धा एकदम ओरडलो.

"आमच्या शाळेच्या रस्त्यावर एक परमिट रूम होती. तीस वर्षं त्या मळक्या पडद्यासमोरून गेले, पण पडद्याच्या आत काय असतं ते कधी दिसलं नाही. अडुसष्ट वय झालं. आता नाही तर कधी बघणार? शिवाय घरात एक्स्पर्ट आहे!"

दुपारी तीनला निघालो. मुग्धाने आम्हाला एका बारच्या दारात सोडलं आणि "दोन मिनिटांत पार्क करून आले" म्हणाली. जानेवारीतल्या शिकागोत हे वाक्य कुणी मनावर घेत नाही. रस्त्याच्या कडेला जिथे जिथे बर्फ उपसून जागा केलेली होती, तिथे तिथे कुणाची ना कुणाची मोडकी खुर्ची ठेवलेली.

"या खुर्च्या कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"ज्याने बर्फ उपसला त्याने जागा धरलीय, आई."

"म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसं!" त्यांनी भर थंडीत हातमोजा काढून वहीत नोंद केली.

दारावरच्या धिप्पाड माणसाने आयडी मागितलं. सासूबाईंनी पर्समधून पासपोर्ट, आधार कार्ड आणि ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड असे तिन्ही पुरावे त्याच्या हातात ठेवले. "माझं वय विचारतोय," त्या मला म्हणाल्या, आणि बारला आत जाण्याआधीच सहा मार्क मिळाले.

आम्ही काउंटरपाशी उंच स्टुलांवर बसलो. पलीकडे डेब नावाची साठीची बारटेंडर होती. तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून खांद्यापर्यंत गोंदलेलं. सासूबाईंनी तिला आधी 'दुखलं का' विचारलं, मग 'रिटायर कधी होणार' विचारलं. समोर फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'ड्राय जानेवारी' लिहिलं होतं.

"हे काय?"

"जानेवारीभर बरेच लोक दारू सोडतात, आई."

"म्हणजे आपला ड्राय डे, पण एकतीस दिवसांचा. इथला श्रावणच म्हणा की!"

"अगदी बरोबर!" मी म्हणालो, आणि त्याच क्षणी मला मेनूत माझ्या चारित्र्याचा पुरावा दिसला. ड्राय मार्टिनी! आमच्या ऑफिसातला ग्रेग दर शुक्रवारी हेच मागवायचा. आठ वर्षं मला वाटत होतं, बिचाऱ्याला डॉक्टरांनी मनाई केली असणार. ड्राय डेला दारू नाही, ड्राय जानेवारीत दारू नाही, मग ड्राय मार्टिनीत ती कुठून येणार? (हे लॉजिक वापरून मी अमेरिकेत सॉफ्टवेअर लिहितो.)

"टू ड्राय मार्टिनीज," मी भारदस्त आवाजात म्हणालो.

"हाउ ड्राय?" डेबने विचारलं.

इथे मला धोका दिसला. म्हणजे थोडी ड्राय, अर्धी ड्राय असलेही प्रकार असणार! मी बजावून सांगितलं, "व्हेरी, व्हेरी ड्राय. शी इज माय मदर-इन-लॉ."

डेबने सासूबाईंकडे फार आदराने बघितलं. "बोन ड्राय?"

"येस! बोन ड्राय!" अगदी हाडापर्यंत कोरडी. याहून सात्त्विक काय असणार?

मग तिने आणखी काहीतरी विचारलं. टीव्हीवर मॅच चालू होती, सर्दीने माझं नाक आणि कान दोन्ही गच्च होते. मला 'जिंजर?' असं ऐकू आलं. आलं तर सर्दीला उत्तमच! "येस, येस! लॉट्स!" मी म्हणालो. डेब हसत म्हणाली, "आय लाइक बोथ ऑफ यू."

त्रिकोणी ग्लास आले, आत काडीला टोचलेलं ऑलिव्ह. सासूबाईंनी ग्लास उजेडात धरून बघितला, हाताने हवा नाकाकडे ढकलत वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि एक छोटा घोट घेऊन ग्लास खाली ठेवला.

"होमिओपॅथीच्या औषधासारखा वास येतोय, नाही?"

"मला वास येत नाहीये, आई. पण आलं भरपूर घातलंय. घसा कसा मस्त शेकला जातोय!"

"आलं," त्या म्हणाल्या, आणि वही काढली.

तेवढ्यात मी मागवलेला चकणा आला. "चकणा?" सासूबाई म्हणाल्या, "तो तर डोळ्यांनी असतो ना?" मी त्यांना समजावून सांगितलं की हा खायचा. काकडीच्या आंबट लोणच्याच्या चकत्या पिठात बुडवून तळलेल्या. "लोणच्याची भजी?" त्यांचे डोळे चमकले. "लोणचं तळायचं कुणाच्या डोक्यात आलं असेल हो?" त्यांनी एक भजं मधोमध फोडून तपासलं, मग खाल्लं, मग सात खाल्ली. भजी खारट होती, त्यामुळे मला तहान लागत होती आणि मी आल्याचा अर्क पीत होतो. माझा ग्लास संपला तसा त्यांनी आपला माझ्याकडे सरकवला. "माझंही घ्या. माझ्या दातांना गार लागतंय." मी आज्ञाधारक जावई. घेतला!

दुसरा ग्लास निम्म्यावर आला तेव्हा माझ्या स्टुलाचा एक पाय आखूड असल्याचं माझ्या लक्षात आलं. मग फळ्यावर दोन जानेवारी दिसायला लागले. आणि मग मला सासूबाईंबद्दल एकाएकी अपार माया वाटू लागली.

"आई, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"सांगा की."

"तुमच्या आमटीत गूळ असतो."

"असतोच."

"नका ना हो घालू!" आणि मी रडायलाच लागलो! "आठ वर्षं, आई! आठ वर्षं मी पुण्यात काय, इथे काय, गोड आमटी गोड मानून खातोय! आणि तुम्ही पाठवता ते मेतकूट... मी ते ग्रेगला दिलं! तो ते पॉपकॉर्नवर घालतो!"

"हो का? कसं लागतं म्हणतो?" सासूबाईंनी उत्सुकतेने विचारलं.

डेबने माझ्यापुढे पेपर नॅपकिनचा गठ्ठा ठेवला. मी स्टुलावरून उतरलो (असं मला वाटलं, प्रत्यक्षात घसरलो), ग्लास उंच धरला आणि गर्जना केली, "आई, मी खरंच पीत नाही हो! थेंबसुद्धा नाही!"

"व्हॉट्स ही सेइंग?" डेबने विचारलं.

सासूबाईंनी वर्गात सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "ही सेज, ही डज नॉट ड्रिंक."

पूर्ण बार टेबलं बडवून हसला. नेमक्या त्याच वेळी, चाळीस मिनिटांनी पार्किंग मिळवून, केसांत बर्फ घेऊन मुग्धा दारातून आत आली.

"काय झालं? हेमंत, तू रडतोयस का?"

"आमटी!" मी म्हणालो.

"काय मागवलं होतंस?"

"ड्राय. एकदम ड्राय. हाडापर्यंत."

तिने ग्लास उचलून वास घेतला. "हेमंत! ही नुसती जिन आहे!"

"जिन नाही गं, जिंजर."

"अरे, ड्राय म्हणजे त्यात मिसळायची हलकी वाइन, ते वर्मुथ, कमी! जितकी ड्राय मागशील तितकी दारू जास्त!"

माझ्या पायाखालची उरलीसुरली जमीनही गेली. ज्या एका थेंबावर माझा संसार उभा होता, तिथे मी सासूबाईंसमोर दोन ग्लास रिचवले होते, आणि वर त्या माउलीलाही पाजली होती!

"आई, माफ करा," मी हात जोडले. "मला खरंच माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं," सासूबाई म्हणाल्या. "इथाइल अल्कोहोल आहे ते. मला पहिल्या वासालाच कळलं. तीस वर्षं काय गाणं शिकवत होते का मी?"

"मग मला सांगितलं का नाही?"

"निरीक्षण चालू असताना मध्ये बोलायचं नसतं. अहो, पट्टीचा पिणारा पहिल्याच घोटाला ओळखतो. तुम्ही 'आलं, आलं' करत दोन ग्लास संपवलेत! तुम्ही याआधी कधी प्यायलेला नाहीत. सिद्ध झालं."

मला पुन्हा रडू आलं, पण या वेळी आनंदाने. "पण आई, तुम्ही तरी तो एक घोट का घेतलात?"

सासूबाईंनी काउंटरमागच्या बाटल्यांच्या रांगेकडे बोट केलं. "तीस वर्षं त्या पडद्याबाहेरून गेले ना हो. वाटायचं, आत एवढं काय असेल." मग त्यांनी शेवटचं भजं उचललं. "काही विशेष नाही. भजी मात्र छान."

आणि मग त्या सावकाश मुग्धाकडे वळल्या. "पण मुग्धा, जितकी ड्राय तितकी दारू जास्त, हे तुला कसं गं माहीत?"

मुग्धा म्हणाली की गाडी चुकीच्या जागी लावलीय बहुतेक, बघून येते. 'घेता का' हा प्रश्न आठ वर्षांपूर्वी फक्त मला विचारला गेला होता, हे आमच्या सगळ्यांच्याच तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी आमटीत गूळ होताच. फक्त तो घालायच्या आधी माझ्यासाठी दोन वाट्या बाजूला काढून ठेवलेल्या होत्या. मी त्या डोकं धरून खाल्ल्या.

आता सासूबाई पुण्यात सगळ्या नातेवाइकांना सांगत असतात, "आमचे जावई निर्व्यसनी आहेत, मी स्वतः खात्री केलीय." आठ वर्षं थेंबही न घेता जे सर्टिफिकेट मिळालं नव्हतं, ते ज्या दिवशी खोटं ठरलं त्याच दिवशी मिळालं! ड्राय मार्टिनीची गोष्ट मंडळात पोचल्यापासून ग्रुपवर मात्र मला आता कुणी काही विचारत नाही.

जाताना त्या ती छोटी वही आमच्या किचनच्या ओट्यावर विसरल्या. मी ती परत पाठवणार आहे, पण त्या शनिवारचं पान वाचल्याशिवाय राहवलं नाही. लोणच्याची भजी, आठ. डेबबाई, नऊ. मुग्धा, तोंडी परीक्षा बाकी. आणि खाली लाल शाईने : 'जावई. थिअरी शून्य, प्रॅक्टिकल त्याहून कमी. म्हणूनच उत्तीर्ण.'